विलूराचा रिकामा खिळा

ॲल्विन नोस्के गेला त्या दिवशी सकाळी बहीणभावंडांचं भांडण झालं ते टोमॅटो सॉसवरनं. ग्लेनिसनं पावाला लोणी लावलं, फ्रिट्झचे, म्हणजे थंड गुलाबी मांसाचे, काप घातले, सँडविचं कागदात गुंडाळली, आणि मग कळलं की सॉसची बाटली रिकामी आहे.

"सॉसशिवाय फ्रिट्झ म्हणजे गुलाबी रबर," ॲल्विन म्हणाला.

"मग राहा उपाशी. डॉक्टरनं तसंही मीठ बंद सांगितलंय तुला."

"मीठ सांगितलंय. सॉस नाही सांगितला."

"सॉसमध्ये मीठ नसतं होय?"

"मला काय माहीत? मी काय सॉस बनवतो?"

असं बोलत बोलत दोघं गाडीत बसले. गाडी ग्लेनिस चालवणार, कारण ॲल्विनच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती आणि डॉक्टरनं त्याला स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात ॲडलेडला ऑपरेशन ठरलं होतं. जन्मभर कौन्सिलचा ग्रेडर चालवलेला माणूस, त्या भागातला एकेक कच्चा रस्ता त्यानं स्वतः घासून सपाट केलेला, आणि आता बहिणीच्या शेजारी मांडीवर कॅमेऱ्याची पेटी घेऊन बसायचं. त्याला ते आवडत नव्हतं. तो प्रत्येक वळणावर पायानं ब्रेक दाबायचा, नसलेला.

"तिथं ब्रेक नाहीये, ॲल्विन."

"माहीत आहे. तरी दाबून बघतोय."

निघाले होते विलूराला. आता विलूरा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

विलूरा हे पिंडरू नावाच्या रेल्वे लाईनवरचं एक स्टेशन, आणि त्या लाईनवरची स्टेशनं कधीच मोठी नव्हती. मातीचा उंचवटा तोच फलाट, त्यावर एका बाजूनं उघडी पत्र्याची शेड, आत एक बाकडं, आणि नावाची पाटी. गहू भरायला गाडी यायची, आठवड्यातनं एखादी माणसांची यायची. मग ट्रक आले आणि लाईन बंद झाली. रूळ उपटून नेले, पाट्या लोकांनी घरात दारूच्या कपाटावर लावायला पळवल्या, शेडी आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला साखळ्या बांधून ओढून नेल्या. कुणी त्यात खत ठेवलं, कुणी कुत्री बांधली.

ॲल्विन ग्रेडरवर बसून हे सगळं बघायचा. त्याचे वडील याच लाईनवर रूळ ठोकायच्या टोळीत होते, पोरं रुळाकाठच्या क्वार्टरात वाढली. त्यामुळं असेल, पण एक दिवस त्यानं जुना कॅमेरा विकत घेतला आणि रविवारी मोडक्या स्टेशनांचे फोटो काढायला लागला. आधी पिंडरू लाईन, मग शेजारच्या लाईनी, मग सुट्टी टाकून लांबलांबच्या. लग्न झालं नाही. झालं असतं, कोरल नावाची बँकेतली मुलगी होती, चांगली होती, ग्लेनिसला तर फार आवडायची. पहिल्यांदाच फिरायला न्यायचं म्हणून ॲल्विननं तिला भर जानेवारीत एका स्टेशनावर नेलं. झाड नाही, सावली नाही, माशा तेवढ्या.

"इथं काय आहे?" कोरलनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, अगदी खूश होऊन.

कोरलनं पुढं मेंढ्यांच्या लोकरीचा व्यापार करणाऱ्याशी लग्न केलं. ॲल्विन लग्नाला गेला, जेवला, आणि येताना वाटेत एक स्टेशन लागलं म्हणून त्याचा फोटो काढून आला.

त्याचे नियम होते. कुणी विचारले नव्हते, त्याचे त्यानंच केले होते. स्टेशनावर पोचलं की आधी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करायचं, ते नेहमी रुळांच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या खिडकीतनं माणसाला दिसलं असतं तसं. मग लगेच फोटो काढायचा नाही. आधी फलाटावर बसून चहा प्यायचा. "स्टेशनावर आल्या आल्या कुणी निघतं का? वाट बघायला लागते," असं त्याचं म्हणणं. चहा झाला की टोपी काढायची आणि मग फोटो. फोटोत माणूस नको, गाडी नको, जनावर नको. एकदा एका खांबावर कॉकॅटू पोपट बसला तर हा दुपारभर ताटकळत राहिला. ग्लेनिसनं तेवढ्या वेळात अख्खा पायमोजा विणला.

आणि सगळ्यात मोठा नियम, जागा. स्टेशन जिथं होतं तिथंच स्टेशन. शेड उचलून दुसरीकडं नेली की ती शेड, स्टेशन नव्हे. आणि शेड गेली, नुसता उंचवटा राहिला, तरी ते स्टेशन.

घरी बोळातल्या भिंतीवर त्यानं पिंडरू लाईन टांगलेली होती. समोरच्या दारापाशी पहिलं स्टेशन, मग ओळीनं एकेक, आणि शेवटचं पिंडरू संडासाच्या दारापाशी. येणारेजाणारे त्याला चिडवायचे, की बाबा, तुझ्याकडं मुतायला जायचं तरी पूर्ण प्रवास करावा लागतो. तो म्हणायचा, "तिकीट नाही लावलं हे नशीब समज."

त्या ओळीत मधेच एक खिळा रिकामा होता. तो विलूराचा.

आधी तिथं फोटो होता. ट्रेलोरांच्या शेतात, जुन्या रुळांच्या पट्ट्यापासनं जवळच, एक शेड उभी होती, एका बाजूनं उघडी, आत बाकडं. ॲल्विननं तिचा फोटो काढला आणि टांगला. पुष्कळ वर्षं टांगलेला होता. मग एकदा गावच्या फुटबॉल क्लबात किम ट्रेलोर बिअरच्या नादात म्हणाला, की ती शेड आमच्या म्हाताऱ्यानं ओढून आणलेली आहे, कोंबड्यांसाठी. मुळातली जागा कुठं होती कोण जाणे, त्यावर काटेरी झुडपं माजलीत.

ॲल्विन उठला. अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी आला आणि फोटो उतरवला. ग्लेनिस शेजारच्याच घरात राहायची, विधवा झाल्यावर तिथं आली होती. ती म्हणाली, "अरे, आहे तो राहू दे की. कुणाला कळणार आहे?"

"भिंतीवर खोटं बोललो मी," ॲल्विन म्हणाला. "इतकी वर्षं."

"खुराड्याचा फोटो लावलास तू. त्यात काय पाप आहे?"

पण त्यानं काही ऐकलं नाही. खिळा तसाच राहिला. लाईन मधेच तुटलेली. बोळातनं जाताना तो त्या जागी जरा थांबायचा, मग पुढं जायचा. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर किती धोका आहे वगैरे नाही. "त्याआधी मला विलूराला जाता येईल का?" डॉक्टरला वाटलं विलूरा म्हणजे कुणी नातेवाईक बाई. "हो हो, भेटून या," म्हणाला.

आणि नेमका त्याच आठवड्यात किमचा फोन आला. झुडपं उपटायला मशीन लावलं होतं, तर खालनं उंचवटा निघालाय, कडेला दगड लावलेले आहेत, तुझंच काहीतरी दिसतंय, येऊन बघ.

म्हणून निघाले होते.

पोचले तर किम कुंपणाच्या फाटकाशी पिकअपला टेकून उभा. पन्नाशीचा गडी, तोंडानं फार कमी बोलणारा. हातानंच दाखवलं, तिकडं. कापलेल्या गव्हाच्या खुंटांतनं तिघं चालत गेले. ॲल्विन दोनदा थांबला, दम लागला म्हणून नाही म्हणाला, बघायला थांबलो म्हणाला.

उंचवटा होता. लाल मातीचा, कडेला दगडांची ओळ, काही दगड मशीननं हललेले. वर काहीच नव्हतं. लांबवर, शेताच्या दुसऱ्या टोकाला, किमच्या घराजवळ ती शेड दिसत होती आणि तिच्यापुढं कोंबड्यांचे ठिपके.

ॲल्विननं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं.

"लग्न झालेलं आहे, पण नांदत नाहीत," तो म्हणाला.

किम हसला नाही. त्यानं टोपी मागं सारली आणि शेडीकडं बघत राहिला.

"ही बाजू रुळांची," ॲल्विननं पूर्वेकडची बाजू दाखवली. तिथं जमीन सपाट आणि कडक होती. त्यानं तिकाटणं तिथं उभं केलं. जमीन इतकी कडक की पाय रुतेनात, त्यानं एकेक पाय बुटानं ठोकून रुतवला. कॅमेरा बसवला, डोळा लावला, थोडा हलवला, पुन्हा लावला.

"काढ की मग," ग्लेनिस म्हणाली. "ऊन चढतंय."

"चहा."

"चहा नंतर पी. आधी काढ."

"एवढी वर्षं थांबलोय, चहापुरतं थांबलो तर काय बिघडतंय?"

किमला घरनं हाक आली म्हणून तो गेला. भावंडं उंचवट्याच्या कडेला दगडांवर पाय सोडून बसली, रुळांकडं तोंड करून. रूळ नव्हतेच म्हणा. ग्लेनिसनं थर्मासमधनं चहा ओतला, सँडविचं काढली. ॲल्विननं एक खाल्लं.

"रबर," तो म्हणाला.

"बरं."

"पण चांगलं रबर आहे."

मग तो गप्प बसला. ग्लेनिसला वाटलं, बसलाय आपला वाट बघत, त्याची सवयच ती. तिनं विणकाम काढलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, अजून चहा देऊ का. त्याचा कप कलला होता आणि चहा सगळा पँटवर सांडला होता, आणि ॲल्विन कधी स्वतःवर चहा सांडणारा माणूस नव्हता.

ग्लेनिस ओरडली तशी किम पिकअप घेऊन शेतातनंच आला. किमनं त्याला मातीवर आडवा करून छातीवर दाबून बघितलं, फार वेळ दाबलं. अँब्युलन्स आली तोवर काही उरलं नव्हतं. ती माणसं त्याला घेऊन गेली. ग्लेनिस त्यांच्याबरोबर गेली. किमनं मागं राहिलेलं सामान गोळा केलं, थर्मास, विणकाम, तिकाटणं, कॅमेरा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी आणून दिलं. दारात उभा राहिला, टोपी हातात धरून.

"फोटो काढला होता का त्यानं?" त्यानं विचारलं.

"नाही. चहा प्यायचा होता."

किमनं मान हलवली. काहीतरी बोलायचं असावं असं त्याचं तोंड झालं. "बरं तर," म्हणाला आणि गेला.

दफन झालं. लुथरन चर्चच्या हॉलात बायकांनी सँडविचं, स्कोन्स, लॅमिंग्टन केक केले होते, माणसं नेहमीपेक्षा जास्त आली. सगळे चांगलं बोलले. कौन्सिलचा एक माणूस म्हणाला की ॲल्विनसारखा रस्ता कुणी घासला नाही. ग्लेनिसनं सगळ्यांचे आभार मानले, मग भावाच्या घरी आली, आणि बोळात दिवा लावला तर समोर तो खिळा.

आता एक सांगते, ग्लेनिसला त्या स्टेशनांचं कधी काही वाटलं नव्हतं. ती गाडीत बसून विणायची, इतकंच. पण त्या खिळ्यापुढनं तिला संडासाला जाता येईना. दोन दिवस ती अंगणातनं फिरून मागच्या दारानं यायची-जायची. भावाचं घर आवरायचं होतं, भिंत उतरवायची होती, आणि तिच्यानं उतरवेना. तुटकी लाईन कशी उतरवायची? आपण जाऊन नुसत्या उंचवट्याचा फोटो काढून येऊ, असं तिनं ठरवलं. कॅमेऱ्याचं बटण कुठलं ते कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. तिनं किमला फोन केला, की मी शनिवारी येते, चालेल का?

"शनिवारी," किम म्हणाला. "दुपारी ये. सकाळी नको."

ती दुपारी गेली. फाटकातनं आत वळली आणि गाडी तिथंच बंद पडू दिली.

उंचवट्यावर शेड उभी होती. शेजारी फोर्कलिफ्ट, लांब ट्रेलर, आणि आजूबाजूच्या शेतांतले चार-पाच जण, सगळे घामाघूम, सगळे जणू काही झालंच नाही असं तिसरीकडंच बघत उभे. किमची बायको डेनिस चहाची किटली घेऊन होती. गुरुवारपासनं चाललं होतं. खांब जमिनीत गंजून बसले होते, ते कापून पुन्हा जोडले. पत्रा एके ठिकाणी वाकला होता तो ठोकून सरळ केला. आतलं बाकडं घासून कोंबड्यांची घाण काढली होती, जमेल तेवढी.

"नांदायला आणली," किम म्हणाला. तेवढंच.

ग्लेनिस तिकाटणं घेऊन उंचवट्याच्या पलीकडं, रुळांच्या बाजूला गेली. ॲल्विननं बुटानं ठोकून केलेली तीन भोकं जमिनीत अजून तशीच होती, पाऊस पडलाच नव्हता. तिनं तिकाटण्याचे पाय त्या भोकांत बरोबर बसवले. कॅमेरा लावला. डोळा लावला.

पत्र्याची पाठ दिसत होती.

तिनं डोळा काढला, पुन्हा लावला. तरी पाठच.

"किम," ती म्हणाली.

"काय?"

"उलटी बसवलीय तुम्ही."

सगळे आले बघायला. एकेकानं कॅमेऱ्यातनं बघितलं, जणू कॅमेऱ्यात बिघाड असेल. किमच्या घराकडं तोंड करून ठेवली होती शेड, कारण इतकी वर्षं ती घराकडंच तोंड करून होती, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाकड्यावर बसलेल्या माणसाला गाडी पाठीमागनं आली असती.

"फार फरक पडतो का?" त्यातला एक म्हणाला. अंगानं जाडा होता आणि सगळ्यात जास्त दमला होता.

"मला नाही पडत," ग्लेनिस म्हणाली. "खिळ्याला पडतो."

ते कुणाला कळलं नाही, पण किमनं फोर्कलिफ्ट सुरू केली. "चला रे," म्हणाला. जाड्यानं शिव्या दिल्या, हळू आवाजात, बायका समोर होत्या म्हणून. पुन्हा नट सोडले, पुन्हा उचलली, सगळ्यांनी दोऱ्या धरून हवेतच फिरवली. वाकलेला पत्रा पुन्हा वाकला. उन्हं कलायला लागली तेव्हा ती बसली, तोंड रुळांकडं.

ग्लेनिसनं मग फोटो काढला नाही. ती जाऊन बाकड्यावर बसली आणि तिनं चहा मागितला. डेनिसनं दिला. बाकीच्यांनी काय करावं म्हणून तेही बसले, कुणी बाकड्यावर, कुणी दगडांवर, आणि सगळ्यांनी निवांत चहा प्यायला. एकदा जाड्या म्हणाला, "गाडीला उशीर दिसतोय."

चहा झाल्यावर ग्लेनिसनं सगळ्यांना बाजूला काढलं, ट्रेलर लांब न्यायला लावला, डोक्यावरची टोपी काढली आणि बटण दाबलं. फोटोत कुणी नव्हतं.

"झालं?" किमनं विचारलं.

"झालं."

आवराआवर करून निघायच्या वेळी डेनिस म्हणाली, "अग बाई, कोंबड्या!"

दिवसभर त्या शेतात मोकळ्या हिंडत होत्या. आता दिवस मावळायला लागला तशा त्या एकेक करून झोपायला निघाल्या होत्या. नव्या जागच्या शेडीपाशी आल्या, तिला वळसा घातला, आणि खुंटांतनं चालत शेताच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. शेड जिथं होती तिथं. तिथं आता जमिनीवर शेडीच्या आकाराचा एक काळा चौकोन तेवढा होता. त्या चौकोनावर जाऊन सगळ्या कोंबड्या गोळा झाल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

माणसंही बघत राहिली.

"आपल्या आपण येतील का गं त्या?" ग्लेनिसनं विचारलं.

"नाही यायच्या," डेनिस म्हणाली. "त्यांना जागा कळते. शेड नाही कळत. तिथं ठेवल्या तर कोल्हा खाईल."

ग्लेनिसनं कॅमेऱ्याची पेटी गाडीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि चौकोनाकडं चालायला लागली. मागनं किम आला, डेनिस आली, जाड्यासुद्धा आला. प्रत्येकानं काखेत एकेक, दोनदोन कोंबड्या धरून विलूरा स्टेशनात आणून बाकड्यावर ठेवल्या, आणि पुन्हा पुढच्या आणायला गेले. अंधार पडेपर्यंत चाललं होतं. शेवटची एक म्हातारी, पांढरी, कुणाच्या हाताला लागेना. चौकोन सोडायलाच तयार नाही. ती ग्लेनिसनं आणली.